पुस्तकातला चमचा आणि घरातली चटणी

वाचकाचे पत्र

स. न. वि. वि. मी अनगोळला राहतो आणि उद्यमबागेतील एका कारखान्यात लेथवर काम करतो. माझे वय २९ आहे. बहिणीच्या बाळंतपणासाठी आई चार महिन्यांकरिता पुण्याला गेली असून घरी मी आणि बाबा असे दोघेच आहोत. बाबा ६८ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांना कवळी बसवली. खाणावळीचा डबा त्यांना सोसत नाही, म्हणून मी भारतीय पदार्थांचे एक जाडजूड पुस्तक विकत आणले. ते इंग्रजीतून मराठीत आणलेले आहे. त्यात सांगितल्याप्रमाणे मी कप आणि चमचे मोजूनच सगळे घेतो आणि तिखट मात्र आईच्या बरणीतले वापरतो, तरी आमटी खारट आणि जहाल होते. कांदा पाच मिनिटांत तांबूस होईल असे लिहिलेले असते, पण माझ्याकडे तो पंधरा मिनिटांनंतरही पांढराच असतो आणि गॅस मोठा केला की करपतो. एकदा डाळ, टोमॅटो आणि चिंचेचा कोळ एकत्र कुकरला लावले, तर चार शिट्ट्यांनंतरही डाळ टणक राहिली. भाकरी थापताना कडेने फाटते. आमच्या कामात ड्रॉइंगवर मिलिमीटरचा शंभरावा भाग लिहिलेला असतो. इथे 'चवीपुरते मीठ' आणि 'खमंग होईपर्यंत' यावरून माणसाने काय समजायचे? बाबा काही बोलत नाहीत, ताकभात खाऊन उठतात. पुस्तक बदलू, की हा नाद सोडून देऊ? आई परत येईल त्या दिवशी पुरणपोळी करावी असे मनात होते.
एक वाचक, बेळगाव

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले. पहिल्या वाचनात मला तुमची काळजी वाटली. दुसऱ्या वाचनात खात्री पटली की तुमच्या हातात दोष नाही आणि पुस्तकातही फारसा नाही. पुस्तक लिहिणाऱ्याचा कप, चमचा, तिखट आणि शेगडी ही त्याच्या घरची आहेत, तुमची तुमच्या घरची आहेत, आणि या दोन घरांमधला हिशेब अजून कोणी जुळवून दिलेला नाही. तो जुळवण्याचे काम तुमच्यासारख्या मोजमापाची सवय असलेल्या माणसाला इतरांपेक्षा लवकर जमेल असे मला मनापासून वाटते. तेव्हा पुस्तक बदलू नका आणि नाद तर मुळीच सोडू नका.

आधी आमटीचे पाहू, कारण तिचा उलगडा तुमच्याच पत्रात आहे. इंग्रजीतून आलेल्या पुस्तकांत कप म्हणजे चहाचा कप नव्हे. ते सुमारे २४० मिलिलिटरचे एक ठरलेले माप आहे. आपल्याकडचा चहाचा कप बहुधा १०० ते १५० मिलिलिटरचा असतो, म्हणजे पुस्तकाने सांगितलेल्या डाळीच्या जेमतेम निम्मी डाळ तुम्ही घेत आला आहात. चमच्याची गोष्ट याहून घोटाळ्याची आहे. त्या पुस्तकांत टेबलस्पून म्हणजे १५ मिलिलिटर आणि टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर अशी दोन मापे असतात, आणि मराठीत आणताना पुष्कळदा दोन्हींना 'चमचा' हा एकच शब्द लावला जातो. तुम्ही पोहे खाण्याचा चमचा शीग लावून घेतला असेल, तर लहान चमचा मिठाच्या जागी दीड-दोन चमचे मीठ पडले, आणि तेही निम्म्या डाळीत. अशी आमटी खारट होण्यावाचून दुसरे काही होऊच शकत नाही.

यावर उपाय असा. स्वयंपाकघरात ठेवण्याजोगा एक छोटा डिजिटल वजनकाटा आणा. पाण्याचा एक मिलिलिटर म्हणजे एक ग्रॅम, म्हणून घरातल्या प्रत्येक वाटीत आणि कपात पाणी भरून त्याचे वजन करा आणि तो आकडा वाटीच्या बुडावर रंगाने लिहून ठेवा. मापाची वाटी एकदा ठरली की आमटीला तीच, भाताला तीच आणि पिठाला तीच; ती धुवायला पडली म्हणून दुसरी घेऊ नका. मिठासाठी तुम्हाला एक आकडाच देते, कारण 'चवीपुरते' या शब्दाने तुम्ही खरोखर त्रासलेले दिसता. शिजून तयार झालेल्या पदार्थाच्या एकूण वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास मीठ बहुतेकांच्या जिभेला बरोबर लागते. पातेल्यासकट आमटीचे वजन करा, रिकाम्या पातेल्याचे वजा करा. आमटी एक किलो भरली तर ८ ते १० ग्रॅम मीठ पुरेसे आहे. त्यातही सुरुवातीला ७ ग्रॅमच घाला आणि चव पाहून उरलेले वाढवा. खडे मीठ वापरत असाल तर चमच्याने मोजू नका, कारण बारीक मिठाच्या एका चमच्याइतके वजन खड्याच्या चमच्यात भरत नाही. महिनाभर असे मोजले की काट्याकडे न पाहता तुमची बोटे बरोबर तेवढेच मीठ उचलू लागतील, आणि 'चवीपुरते' असे लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते हे तेव्हा कळेल.

परंतु मिठाचा दोष केवळ चमच्याकडे नाही. तुम्ही तिखट आईच्या बरणीतले घेता असे लिहिले आहे. ते नुसते लाल तिखट नसून उन्हाळ्यात डंकावर कुटून आणलेली वर्षाची चटणी आहे असे मी धरून चालते, कारण आपल्या भागात बहुतेक घरांत तीच असते. तिच्यात मिरचीबरोबर धने, जिरे, तीळ, सुके खोबरे, तळलेला कांदा, लसूण आणि टिकण्यासाठी भरपूर मीठ असते. पुस्तक सांगते की एक चमचा तिखट, एक चमचा धनेपूड, अर्धा चमचा गरम मसाला आणि मीठ घाला. तुम्ही आईची चटणी घालून पुन्हा धनेपूड, गरम मसाला आणि मीठ घातलेत, म्हणजे मिरची सोडून बाकी प्रत्येक गोष्ट दोनदा पडली. त्यात मिरचीचा प्रश्न वेगळाच आहे. हावेरी जिल्ह्यातली ब्याडगी मिरची रंगाला गडद आणि तिखटपणाला सौम्य असते. आपल्या हुक्केरी तालुक्यातल्या संकेश्वरची मिरची चांगलीच झणझणीत असते. कोणत्या घरात दोघींचे प्रमाण किती, हे त्या घरची बाईच जाणते. पुस्तक लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा बाजारातले सौम्य, लालभडक तिखट असते आणि म्हणून तो निर्धास्तपणे 'दोन चमचे' लिहून जातो.

हे मी अनुभवाने सांगते. माझे माहेर चिकोडी तालुक्यातले आणि सासर बेळगावच्या शहापुरातले. माहेरी आम्ही मिरची वेगळी आणि मसाला वेगळा ठेवत असू, म्हणून चटणीत मीठ असते हे मला ठाऊकच नव्हते. सासरी केलेली पहिली आमटी कोणालाही खाता आली नाही. मला फार वाईट वाटले होते, आणि सासूबाईंनी बरणी उघडून चटणीचा कण माझ्या जिभेवर ठेवला तेव्हाच कारण कळले. तुम्हीही तेच करा: कोणताही मसाला पातेल्यात जाण्यापूर्वी त्याचा कण जिभेवर ठेवून पाहा. आईला फोन करून विचारा की चटणीत काय काय आहे आणि एक किलो मिरचीला मीठ किती घातले होते. ती चटणी वापरायची त्या दिवशी पुस्तकातले तिखट, धनेपूड आणि गरम मसाला या तिघांच्या जागी तिचा एक लहान चमचा घ्या आणि मीठ निम्म्यावर आणा. ज्या पदार्थाला पुस्तकाची चव हवी असेल त्यासाठी ब्याडगीचे साधे तिखट वेगळ्या डब्यात आणून ठेवा.

आता कांदा. या बाबतीत मात्र मी पुस्तकाच्या बाजूने बोलणार नाही, कारण कांद्याला लागणारा वेळ कमी सांगण्याची खोड पाककृतींच्या पुस्तकांना फार जुनी आहे. कांद्यात जवळजवळ नव्वद टक्के पाणी असते. ते पाणी निघून जाईपर्यंत कढईतल्या कांद्याचे तापमान पाण्याच्या उकळबिंदूच्या वर जाऊ शकत नाही, आणि तोवर त्याला रंग चढत नाही. तो नुसता वाफवत राहतो. पाणी संपले की मात्र रंग झपाट्याने चढतो, आणि नेमके त्याच वेळी आपण कंटाळून गॅस मोठा केलेला असतो. तीन मध्यम कांदे बारीक चिरून मध्यम आचेवर नीट तांबूस व्हायला वीस ते पंचवीस मिनिटे लागतात, पावसाळी ओला कांदा असेल तर त्याहूनही जास्त. सुरुवातीला चिमूटभर मीठ घातले तर पाणी लवकर सुटते. पसरट कढई घ्या, म्हणजे वाफ कोंडत नाही. आधी कांदा पारदर्शक होतो, मग त्याच्या कडा गुलाबी होतात, मग सगळा आकसून निम्म्याहून कमी होतो आणि तेल बाजूला दिसू लागते. येथून पुढे कढईपासून हलायचे नाही. तळाला रंग धरू लागला तर दोन चमचे पाणी शिंपडून खरवडून घ्या, तो रंगच रश्शाला येतो. घाईच्या दिवशी कांदा लागणारा पदार्थ करूच नका. रविवारी किलोभर कांदा परतून डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला तर चार-पाच दिवस सहज पुरतो.

'खमंग होईपर्यंत' हे तुम्हाला मोघम वाटते, पण तुमच्याच कामात याच्या जोडीचे ज्ञान तुमच्याजवळ आहे. लेथवर कापून निघणारी पोलादाची चिप पिवळसर होते, मग निळी पडते, आणि त्या रंगावरून उष्णता कुठवर गेली ते तुम्ही ओळखता. टूलची धार गेली की आवाज बदलतो आणि ड्रॉइंगवर तसे काही लिहिलेले नसताना तुमचा हात थांबतो. पहिल्या महिन्यात तुम्हाला हे कळत होते का? तुमच्या वस्तादांनी आवाज ऐकवला असेल, चूक दाखवली असेल, आणि शंभर नग काढल्यावर कान तयार झाला असेल. स्वयंपाकातले 'खमंग', 'तेल सुटेपर्यंत', 'अंगासरशी रस', 'एकतारी पाक', 'डाव उभा राहील इतके घट्ट पुरण' हे शब्द त्याच जातीचे आहेत. आपल्या आज्या-पणज्यांनी नाकाने, कानाने आणि बोटांनी ठरवलेली ती मापे आहेत आणि मिनिटांपेक्षा ती अधिक खात्रीची आहेत, कारण शेगडी बदलली, कढई बदलली, तरी ती बदलत नाहीत. पुस्तकात मिनिटे आणि खूण दोन्ही दिली असतील तेव्हा नेहमी खुणेवर विश्वास ठेवा.

फोडणीपासून सुरुवात करा, कारण तिथे सगळे काही मिनिटभरात घडते आणि रोज घडते. तेल तापले की मोहरीचे दोनच दाणे टाका. ते तळाशी पडून राहिले तर तेल थंड आहे, लगेच काळे पडले तर जास्त तापले आहे, आणि क्षणभर थांबून तडतडले तर बरोबर आहे. मोहरीतल्या ओलाव्याची वाफ होऊन दाणा फुटतो, तो हा आवाज. सगळी मोहरी फुटून आवाज मंदावला की जिरे, मग हिंग, कढीपत्ता, हळद. तिखट अगदी शेवटी, गॅस बंद करून, आणि त्यावर लगेच डाळ किंवा भाजी. तिखट तापल्या तेलात काही सेकंदांत करपते आणि ती कडू चव पुढे कशानेही जात नाही. तुमची आमटी जहाल लागते असे तुम्ही म्हणता, त्यात थोडा कडवटपणाही असेल तर तो इथून आला असे समजा.

डाळीचे कारण सोपे आहे. चिंच आणि टोमॅटो आंबट आहेत, आणि आंबट पाण्यात डाळीचा दाणा लवकर मऊ होत नाही. तूरडाळ अर्धा तास भिजवा, तिप्पट पाणी, हळद आणि थेंबभर तेल घालून एकटीच कुकरला लावा, पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून दहा-बारा मिनिटे ठेवा, आणि पूर्ण घोटल्यावरच चिंच, गूळ आणि मीठ घाला. शिट्ट्या मोजण्यापेक्षा मिनिटे मोजलेली बरी. तरीही डाळ शिजत नसेल तर ती जुनी आहे किंवा पाणी बोअरवेलचे आणि जड आहे. पिण्याच्या पाण्यात शिजवून पाहा. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच असल्यामुळे आपल्याकडे उघड्या पातेल्यात पाणी शंभर अंशांच्या दोन-अडीच अंश खालीच उकळते. म्हणून पुस्तकातल्या वेळेपेक्षा उसळीला पाच-दहा मिनिटे जास्त लागली तर स्वतःला दोष देऊ नका.

पुस्तक वाचण्याविषयीही एक गोष्ट सांगायची आहे. 'भिजवलेली हरभराडाळ एक वाटी' आणि 'हरभराडाळ एक वाटी, भिजवून' ही दोन वाक्ये सारखी दिसतात, परंतु भिजल्यावर डाळ जवळजवळ दुप्पट होते, म्हणून त्यांच्यात दुपटीचा फरक आहे. तसेच 'चिरलेली कोथिंबीर एक वाटी' आणि 'एक वाटी कोथिंबीर, चिरून' यांचे आहे. विशेषण आधी असेल तर ते काम करून मग मोजायचे. क्रिया नंतर असेल तर आधी मोजायचे. पाककृती पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत वाचल्याशिवाय गॅस पेटवू नका, कारण 'आदल्या रात्री भिजवलेले' हे शब्द बहुधा चौथ्या ओळीत असतात. सामानाच्या नावांचाही गोंधळ होईल. भाषांतरित पुस्तकांत मोहरीला राई आणि तुरीला अरहर असे हिंदी शब्द राहून गेलेले असतात, आणि आपल्या रविवार पेठेत दुकानदार कारळ्यांना गुरेळ, जवसाला अगसी, कुळथाला हुरळी आणि चवळीला अळसंदे म्हणून देतो. पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर पुस्तकातले नाव, आईचे नाव आणि दुकानातले नाव असे तीन रकाने आखून ठेवा. आपण दोन भाषांच्या मध्ये राहतो. शेजारच्या कन्नड घरातल्या अक्कांना विचारले तर एखादा पल्या, म्हणजे त्यांच्याकडची भाजी, आणि त्याबरोबर एखादी युक्तीही शिकायला मिळेल.

भाकरीचे पीठ किती दिवसांचे आहे ते तुम्ही लिहिले नाही. जोंधळ्यात गव्हासारखा चिकटपणा नसतो, आणि पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे मळल्यावर धरून राहण्याची ताकद, जाते. मग थापणाऱ्याचा हात कितीही चांगला असला तरी कड फाटते. शाळू घ्या, गिरणीतून एका वेळी आठवड्यापुरतेच दळून आणा आणि पीठ उकळत्या पाण्यात भिजवा, कारण कढत पाण्यात पिठातला स्टार्च फुलून तोच त्याला धरून ठेवतो. एका भाकरीपुरतेच पीठ घेऊन तळहाताच्या टाचेने मऊ होईपर्यंत मळा; एकदम सगळे मळून ठेवले तर शेवटच्या भाकरीपर्यंत ते सुकते. तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर ठेवा, तिच्यावर पाणी फिरवा, पाणी पूर्ण सुकण्याच्या थोडे आधी उलटा, दुसरी बाजू नीट भाजा आणि मग विस्तवावर फुगवा. थापणे जमेपर्यंत उकड काढून लाटलेली भाकरी करायला काहीच हरकत नाही. आपल्या जिल्ह्यात आणि खाली विजापूर-बागलकोटकडेही पुष्कळ घरांत ती लाटतात.

आता बाबांविषयी. तुमच्या पत्रातली मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे: गेल्या वर्षी त्यांना कवळी बसवली. ताकभात खाऊन ते उठतात याचा अर्थ तुम्ही 'माझा स्वयंपाक त्यांना आवडत नाही' असा लावला आहे. मला वाटते की कडा फाटलेली, जाड आणि वातड भाकरी त्यांना चावत नसावी, झणझणीत रश्शाने हिरड्या चुरचुरत असाव्यात, आणि मुलगा कामावरून दमून येऊन रांधतो हे दिसत असल्यामुळे ते तसे बोलत नसावेत. ज्या माणसाला कवळी नवी आहे त्याचे जेवण आधी मऊ असावे लागते आणि मग चवदार. म्हणून भाकरी ताजी असतानाच गरम आमटीत कुस्करून त्यांच्या वाटीत द्या. मटकीची उसळ त्यांच्यापुरती काढून पळीने ठेचा. आठवड्यातून दोनदा जोंधळ्याच्या कण्या शिजवून ताक, मीठ आणि लसणाची फोडणी घालून द्या; आपल्याकडची कन्नड घरे तिला नुच्चु म्हणतात, ती करायला तुमच्या पुस्तकाची गरज नाही आणि बाबांनी लहानपणी ती नक्की खाल्ली असेल. कवळी टोचत असेल तर ती घासून बसवून घ्यावी लागते, तेव्हा त्यांना एकदा दाताच्या डॉक्टरांकडे घेऊन जा.

त्यांना 'कसे झाले आहे?' असे विचारू नका. या प्रश्नाला वडील माणसे 'बरे आहे' एवढेच उत्तर देतात. 'मीठ कमी आहे की जास्त?', 'आईच्या आमटीत गूळ याहून जास्त असायचा का?' असे विचारा. इतकी वर्षे एका हातचे जेवलेल्या माणसाच्या जिभेत आख्खी पाककृती असते. तुमच्या घरात आज आईच्या चवीचे खरे मापयंत्र बाबांकडे आहे. लसूण सोलणे, मेथी निवडणे ही कामे त्यांच्याकडे द्या आणि तुम्ही शेगडीपाशी असताना त्यांना तिथेच खुर्चीत बसवा. ते बोलू लागतील.

आणि या दोन-तीन महिन्यांत पुस्तकभर हिंडू नका. छोले, सांबार, पनीर, बिर्याणी ही एकेका प्रांताची वेगळी शाळा आहे, तिचे वेगळे मसाले आहेत, आणि दर दिवशी नवी शाळा बदलणाऱ्याला कुठलाच धडा पाठ होत नाही. भात, तुरीची आमटी, मटकीची उसळ, एक पालेभाजी आणि भाकरी एवढेच पदार्थ निवडा आणि तेच आलटून पालटून करा. एकच आमटी पंधरा वेळा केली की सोळाव्या वेळी चूक होण्यापूर्वीच तुम्हाला ती दिसेल. दर वेळी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने तारीख, वाटी, आच, वेळ आणि बाबांचे मत लिहा. भातासाठी तर हे फारच लागेल, कारण खानापूरकडचा नवा तांदूळ आणि दुकानातला वर्षभर मुरलेला तांदूळ यांना सारखे पाणी चालत नाही. नव्या तांदळाला दीड-पावणेदोन पट पाणी पुरते, जुन्याला दोन पट किंवा त्याहून थोडे अधिक लागते. पोते संपून नवे आणले की पुन्हा मोजा. अशा नोंदींनी भरलेले पुस्तकच तुमच्या घरचे पुस्तक होईल. छापील मजकूर हा त्यातला अर्धाच भाग आहे.

आई परत आली की तिला लगेच शेगडीपाशी उभी करू नका, पण आठ-दहा दिवसांनी एक काम तिच्याकडून करून घ्या. तिची मीठ-चटणीची वाटी वजनकाट्यावर ठेवा, तिला नेहमीच्या हाताने घालू द्या आणि वाटीचे वजन किती घटले ते टिपून घ्या. तिची चिमूट, तिची मूठ आणि तिचे 'थोडेसे' हे सगळे तुमच्या वहीत ग्रॅममध्ये उतरेल. हे काम आमच्यापैकी फार थोड्यांनी वेळेवर केले. माझ्या आईचे मी केले नाही, आणि तिच्या हातची कारळ्याची चटणी मला आजही साधलेली नाही.

ती येईल त्या दिवशीचा पुरणपोळीचा बेत मात्र सोडा. पुरणाला डाव उभा राहण्याची खूण कळावी लागते, कणीक तासन्‌तास भिजवून तिंबावी लागते, आणि पहिल्यांदा करणाऱ्याची पोळी तव्यावर फुटते. प्रवासातून आलेल्या बाईला ते निस्तरायला उठावे लागेल. त्यापेक्षा त्या दिवशी चिंच-गुळाची आमटी, मऊ भात, लसणाच्या फोडणीची मेथी आणि भाकरी करा. भाकऱ्यांचा तवा पहिल्या दोन भाकऱ्यांनंतर खरा तापतो आणि हातही तेव्हाच बसतो, म्हणून पहिल्या दोन तुमच्या ताटात घ्या, तिसरी आईला वाढा, आणि चौथी कुस्करून बाबांच्या आमटीत घाला.